तीन महिने राहिला तो धर्मग्रामाचाच : पुण्यातील कॅथोलिक तरुण-तरुणींचे मागणीपत्र

प्रति,
माननीय बिशप महोदय, पुणे धर्मप्रांत,
तसेच पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील सर्व धर्मग्रामांचे आदरणीय धर्मगुरू व पाळकीय परिषदांचे सभासद

विषय : शिक्षण व नोकरीच्या वयातील कॅथोलिक तरुणांची धर्मग्रामात नोंद, उपासनेच्या वेळा व भाषा, आणि धर्मग्रामाच्या कारभारात त्यांचा वाटा.

सन्माननीय बिशप महोदय आणि आदरणीय फादर,

पुण्यात शिकायला व नोकरीला आलेल्या आणि इथेच जन्मून वाढलेल्या कॅथोलिक मुलामुलींचे आमचे मंडळ आहे. आमच्यात श्रीरामपूर-संगमनेरकडचे आहेत, वसईचे आहेत, गोव्याचे आणि मंगळूरचे आहेत, केरळ, झारखंड, नागालँडहून आलेले आहेत. कोणी सनदी लेखापालाची परीक्षा देतो आहे, कोणी हिंजवडीत रात्रपाळी करते आहे, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी कॅम्पातल्या आजोबांच्या घरी राहून वकिली शिकतो आहे. आम्हाला चर्च सोडायचे नाही, म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत. ज्यांना सोडायचे होते ते केव्हाच निघून गेले आणि जाताना त्यांनी पत्रही लिहिले नाही. त्यांच्याबद्दलची हळहळ या पत्रामागे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पुण्यातल्या धर्मग्रामांचा हिशेब कुटुंबाच्या कार्डावर चालतो. कार्डावर आईवडील आणि मुले, कार्डावरून झोन, झोनवरून मिस्सेतली वाचने, नाताळातली कॅरोलची फेरी, फादरांची घरभेट आणि घराला आशीर्वाद. ज्याचे आईवडील दोनशे किलोमीटरवर आहेत आणि जो पीजीत दोन अनोळखी मुलांबरोबर खोली वाटून राहतो, त्याचे कार्डच नाही. कार्ड नाही म्हणून झोन नाही, झोन नाही म्हणून त्याच्या दारात कोणी येत नाही, आणि तो आजारी पडला तरी ते कोणाला कळत नाही. इथल्याच घरातल्या मुलामुलींना कार्ड असते, पण त्यांचीही गत फार निराळी नाही. दृढीकरण झाले, कॉलेजची दोन-तीन वर्षे युथ ग्रुपमध्ये गेली, की पुढे थेट लग्नाच्या दिवशीच धर्मग्राम त्यांना विचारतो. मधली दहा-बारा वर्षे ते सणाला खुर्च्या लावतात, पार्किंग सांभाळतात, तंबोल्याची तिकिटे विकतात. हे काम आम्ही आनंदाने करतो आणि पुढेही करू. पण नोकरी धरायची की सोडायची, लग्न कोणाशी करायचे, कर्ज काढायचे का, देवावरचा विश्वास टिकवायचा कसा, हे सगळे याच वर्षांत ठरते आणि नेमक्या याच वर्षांत आमच्याशी बोलायला कोणी नसते.

नोंदीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. चर्चचा कायदा याबाबतीत स्पष्ट आहे आणि तो आमच्या बाजूने आहे. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेतील कलम १०२ प्रमाणे एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेली, किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिलेली व्यक्ती तिथली निमरहिवासी ठरते. कलम १०७ सांगते की कायमच्या रहिवाशाप्रमाणे निमरहिवाशालाही त्या ठिकाणचा धर्मगुरू आपला धर्मगुरू म्हणून लाभतो. म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी जूनमध्ये कर्वेनगरच्या वसतिगृहात बॅग टाकणारी मुलगी त्याच दिवशी तिथल्या धर्मग्रामाची झालेली असते. तिला कोणाच्या ओळखीची किंवा गावच्या पत्राची गरज नाही. कलम ३८३ त्याहीपुढे जाते. राहणीमानामुळे ज्यांना नेहमीची पाळकीय सेवा पुरेशी घेता येत नाही, त्यांच्याकडे लक्ष देण्याचे काम ते बिशपांवर सोपवते. आणि आपल्या गरजा धर्मपालकांपुढे मांडण्याचा हक्क श्रद्धावंतांना कलम २१२ ने दिलेला आहे. हे मागणीपत्र आम्ही त्याच हक्काने देत आहोत.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की प्रत्येक धर्मग्रामात कुटुंबांच्या नोंदवहीबरोबर एकेकट्या राहणाऱ्या प्रौढ तरुणांची स्वतंत्र नोंदवही असावी. एक पानी अर्ज पुरेसा आहे : नाव, बाप्तिस्मा कुठे झाला, गावचा धर्मग्राम कोणता, भाषा, सध्याचा पत्ता, कामाची पाळी आणि अडीअडचणीला कोणाला कळवायचे त्याचा फोन. जून आणि जानेवारी हे दोन महिने प्रत्येक मिस्सेनंतर चर्चच्या दारात टेबल लावून हे अर्ज भरून घ्यावेत. टेबलावर बसायला आमची माणसे येतील. ही माहिती धर्मग्रामाच्या कार्यालयातच राहावी, कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली मंजूर झाला आहे. तो नसता तरी एकट्या राहणाऱ्या मुलीचा पत्ता सांभाळणे हे आपले कर्तव्यच आहे.

नोंद नसली की काय होते, त्याचे एक उदाहरण जवळून सांगतो. आमच्यातल्या एका परिचारिकेचे लग्न ठरले. बाप्तिस्मा श्रीरामपूरजवळच्या गावी झालेला, दृढीकरण शिकायला होती त्या गावी, आणि नोकरी काही वर्षांपासून पुण्यात. मुलगा वसईचा, काम खराडीत. ती राहते तिथल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात गेली, तर उत्तर मिळाले की तुमची इथे नोंद नाही, गावच्या फादरांचे पत्र आणा. गावचे फादर म्हणाले, तू इथे राहत नाहीस, तुझे आधी लग्न झालेले नाही याची खात्री मी कशी देऊ? दोघांचेही आपापल्या जागी खरे होते. तिच्याजवळचा बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांहून जुना निघाला, म्हणून तो नव्याने काढावा लागला. लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत होत असते, त्यामुळे ताजा दाखला लागतो, हे कारण रास्त आहे. पण ते तिला पहिल्या फेरीतच कोणी सांगितले नाही. रुग्णालयात महिनाभराच्या पाळ्या आधी लागतात. प्रत्येक फेरीसाठी तिला मैत्रिणीशी पाळी बदलून घ्यावी लागली, आणि सलग दोन रात्रपाळ्या करून ती सकाळच्या एसटीने गावी जाऊन आली. लग्नाच्या दिवशी तिला चर्च सुंदर वाटले असेल, पण आधीच्या तीन महिन्यांत चर्च म्हणजे एक खिडकी होती आणि खिडकीमागचा माणूस सारखा मान हलवत होता.

वास्तविक कलम १११५ प्रमाणे वधू किंवा वर यांपैकी एकाने महिनाभर वास्तव्य केलेल्या धर्मग्रामातही विवाह होऊ शकतो. म्हणून आम्ही मागतो की विवाहाच्या कागदपत्रांची एक पानी यादी मराठीत आणि इंग्रजीत प्रत्येक कार्यालयाबाहेर लावावी. एका धर्मग्रामाचे दुसऱ्या धर्मग्रामाकडे जाणारे पत्र कार्यालयानेच ईमेलने पाठवावे, त्यासाठी नवऱ्यामुलीला एसटी धरायला लावू नये. विवाहपूर्व शिबिरांच्या वर्षभराच्या तारखा जानेवारीतच जाहीर व्हाव्यात आणि त्यांत मराठीतली शिबिरे ठरलेली असावीत. ज्यांचा जोडीदार दुसऱ्या धर्माचा आहे, अशांचे प्रश्नही आमच्यात आहेत आणि दिवसेंदिवस ते वाढत आहेत. बिशपांची सूट घेऊन असे लग्न चर्चमध्ये रीतसर होऊ शकते, हे अनेकांना माहीतच नसते. ते नोंदणी कार्यालयात सही करतात आणि नंतर कम्युनियन घ्यावे की नाही या संकोचाने मिस्सेला येणेच सोडतात. अशी जोडी कार्यालयात आली की तिला आधी बसायला सांगावे, चहा विचारावा आणि मग मार्ग समजावून सांगावा. एवढ्याने कितीतरी माणसे राहतील.

आता वेळ आणि जागा. पुण्यातली आमची जुनी चर्चे का आणि कुठे उभी राहिली हे पाहिले की आजची अडचण समजते. नाना पेठेतले सिटी चर्च पेशव्यांनी १७९२ साली दिलेल्या जागेवर उभे राहिले, त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. सेंट पॅट्रिक १८५० मध्ये इंग्रजी फौजेतल्या आयरिश सैनिकांसाठी झाले आणि पुढे १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाल्यावर त्याचे कॅथेड्रल झाले. खडकीचे सेंट इग्नेशियसही छावणीतलेच. जिथे माणसे राहत होती आणि कामाला जात होती, तिथे चर्च गेले. आज तीच माणसे हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडी, वाघोली, मगरपट्टा इथे राहतात. हिंजवडीतून कॅम्पात यायचे तर वीस किलोमीटर आणि वाकडच्या पुलावर संध्याकाळी अडकले तर दीड तास. उपनगरांत नवे धर्मग्राम झाले, त्यासाठी ज्या फादरांनी आणि कुटुंबांनी भाड्याच्या हॉलमध्ये मिस्सा चालवून पुढे चर्च बांधले, त्यांचे आमच्यावर मोठे उपकार आहेत. पण मिस्सेच्या वेळा मात्र अजून जुन्या पुण्याच्याच आहेत : सकाळी सात, सकाळी साडेआठ. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा मुलगा पहाटे तीनला कॅबमधून उतरतो. रविवारी कामावर असणाऱ्या परिचारिका, हॉटेलातली आणि मॉलमधली मुले साडेआठला आपल्या जागेवर उभी असतात.

कलम १२४८ प्रमाणे आदल्या संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. म्हणून आमची मागणी अशी : शहराच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक अशा किमान दोन चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी रात्री आठला मिस्सा असावी. मिस्सेआधी अर्धा तास पापनिवेदनासाठी एक धर्मगुरू बसलेले असावेत. महिन्यातून एकदा आठवड्याच्या मधल्या वारी, हिंजवडीत आणि खराडीत, शाळेच्या किंवा भाड्याच्या सभागृहात मिस्सा व्हावी. आणि सगळ्या चर्चमधल्या मिस्सांच्या वेळा भाषेसकट एका पानावर छापाव्यात. हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे. आज नव्याने पुण्यात आलेल्या मुलाला मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता हे कळायला पाच-सहा फोन करावे लागतात.

मिस्सेनंतरच्या दहा मिनिटांबद्दलही बोलायचे आहे. आशीर्वाद झाला की कुटुंबे अंगणात घोळक्याने उभी राहतात, मुले सायकलींमागे धावतात, आजीबाई ग्रोटोपाशी मेणबत्ती लावतात. हेल्मेट हातात धरून एक मुलगा खांबाला टेकून उभा असतो. सूचनाफलक तो दोनदा वाचतो, ज्यांच्या मृत्युतिथी आहेत त्यांची नावे वाचतो, मोबाइल काढतो, पुन्हा खिशात ठेवतो आणि गाडीला किक मारतो. पुढच्या रविवारी तो झोपून राहतो. त्याच्याशी बोलणे हे फक्त फादरांचे काम आहे असे आम्ही म्हणत नाही. दर रविवारी दोन कुटुंबांकडे हे काम ठरवून द्यावे : नव्या चेहऱ्याला नाव विचारायचे, कुठून आलास, जेवायला कुठे जातोस हे विचारायचे. नाताळच्या रात्री मिस्सेनंतर वसतिगृहाच्या रिकाम्या खोलीत परत जाणे काय असते, ते ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळते. झोनमधल्या एकेका घराने नाताळ आणि ईस्टरच्या जेवणाला दोन मुलांना बोलवावे. ही मागणी कोणत्याही कायद्यात बसत नाही, तरी ती आम्ही आग्रहाने करतो.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे, पण तो टाळता येणार नाही. पुण्यातल्या बऱ्याच युथ ग्रुपांचा कारभार इंग्रजीत चालतो. गावाकडून आलेला मुलगा पहिल्या बैठकीला येतो, गटचर्चेत त्याची पाळी आली की गप्प बसतो आणि दुसऱ्या बैठकीला येत नाही. त्याला बायबल कमी येते असे नाही. त्याच्या आजीने त्याला जपमाळ, क्रूसाची वाट, हरेगावच्या मतमाउलीची यात्रा सगळे मराठीत शिकवलेले असते. त्याच्याजवळ जे आहे ते त्या खोलीत मांडायला जागा नसते. आमच्यातले अनेकजण दलित ख्रिस्ती कुटुंबांतून आलेले आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्मामुळे अनुसूचित जातीच्या सवलती त्यांच्या घरांना नाकारल्या. निदान चर्चच्या हॉलमध्ये तरी त्यांना मागच्या खुर्चीवर बसावे लागू नये.

मराठी ही पुण्याच्या कॅथोलिक चर्चची पाहुणी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, तेही ओवीत. ‘निरोप्या’ हे मासिक जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केले, पुढे ते पुण्याचे बिशप झाले, आणि त्यांचे मासिक आजही पुण्यातून निघते. पुण्याचे माजी बिशप थॉमस डाबरे यांनी संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. इतका वारसा असताना आमच्या वयाच्या मुलांसाठी मराठीत चांगले प्रवचन, रिट्रीट आणि बायबलचा अभ्यासवर्ग दुर्मीळ का असावा? प्रत्येक विभागात एक मराठी तरुण गट, वर्षातून दोन मराठी रिट्रीट, आणि धर्मप्रांताचा प्रत्येक युवा कार्यक्रम दोन्ही भाषांत, एवढे आम्ही मागतो. इंग्रजी गट बंद करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ईशान्येकडून आलेल्या मुलांना तोच गट घरासारखा आहे.

पुण्यात कॅथोलिकांचे तीन धर्माधिकार एकाच शहरावर नांदतात, हेही नव्या मुलांना उशिरा कळते. लॅटिन रीतीचा पुणे धर्मप्रांत, कल्याणच्या अधिकाराखालचे सीरो-मलबार धर्मग्राम, आणि सीरो-मलंकरा रीतीचा खडकीचा धर्मप्रांत, जो २०१५ मध्ये एक्झार्केट म्हणून सुरू झाला आणि २०१९ मध्ये धर्मप्रांत झाला. तिन्हींचे युवा विभाग आपापले शिबिर घेतात, अनेकदा एकाच शनिवारी-रविवारी. आपापली रीत जपावी, ती आमचे धन आहे. मात्र एका ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोन कॅथोलिकांना एकमेकांच्या चर्चचा पत्ता नसावा, हे बरे दिसत नाही. तिन्ही युवा विभागांनी वर्षाची दिनदर्शिका एकत्र बसून ठरवावी आणि वर्षातून एकदा, पेंटेकॉस्टच्या सुमारास, शहरातल्या सर्व कॅथोलिक तरुणांची एकत्र आराधना व्हावी.

जागा कुठली, असे कोणी विचारेल. नगर रस्त्यावर रामवाडीला पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप (पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ) आहे. ही सेमिनरी १८९३ साली कँडीत सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. भारतभरातले होऊ घातलेले धर्मगुरू तिथे शिकतात. मार्च २०२४ पासून वनाझहून मेट्रो रामवाडीपर्यंत येते. कोथरूडचा मुलगाही आता गाडी न काढता तिथे पोहोचू शकतो. सेमिनरीचे आणि ज्ञानदीपचे व्यवस्थापन स्वतंत्र आहे, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून आमची विनंती आहे की बिशप महोदयांनी आमच्या वतीने त्यांच्याकडे शब्द टाकावा : नोकरी करणाऱ्या प्रापंचिकांसाठी शनिवारी दुपारचा बायबल व ख्रिस्ती नीतीचा अभ्यासवर्ग, आणि सेमिनरीतल्या ब्रदरांची तरुण गटांशी नियमित गाठ. उद्याचे धर्मगुरू आम्हाला आज भेटले तर उद्या दोघांचेही काम सोपे होईल. शनिवार पेठेतले स्नेहसदन फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी संवादाचे केंद्र म्हणून उभे केले. पेठेत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ते पायी पोहोचण्याजोगे आहे. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ आम्हाला मिळावी. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये दहाजण जमून गाणी म्हणू लागले की शेजारी विचारणा करतात, आणि पीजीत तर पाहुण्यालाही मनाई असते. चर्चच्या आवारात संध्याकाळी सात ते दहा उघडी असणारी एक खोली, तिच्यात पंखा, पाण्याचा फिल्टर आणि थोडी पुस्तके, हे आमच्या दृष्टीने कुठल्याही मोठ्या मेळाव्यापेक्षा मोलाचे आहे.

कारभारातला वाटा हा या पत्रातला सर्वांत गंभीर मुद्दा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात रोममध्ये बिशपांचा सिनड तरुणांवर झाला. त्यानंतर २५ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ‘क्रिस्तुस विवित’ हे पत्र लिहिले. त्याचे सातवे प्रकरण तरुणांच्या सेवेवर आहे आणि या सेवेचे कर्ते स्वतः तरुणच आहेत, हे त्याचे सूत्र आहे. २०२४ च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने तर पाळकीय परिषदांसारख्या सहभागाच्या समित्या सक्तीच्या कराव्यात असा आग्रह धरला. आमच्या धर्मग्रामांत या परिषदा आहेत, पण तरुणांचा प्रतिनिधी म्हणून बहुधा युथ ग्रुपचा अध्यक्ष बसतो, आणि त्याला विचारले जाते ते एवढेच : सणाला किती मुले देशील? आम्ही मागतो की प्रत्येक पाळकीय परिषदेत १८ ते ३५ वयाचे किमान तीन सभासद असावेत, त्यांतील एकतरी बाहेरगावाहून आलेला असावा आणि एकतरी स्त्री असावी. हे सभासद त्यांच्याच वयाच्या नोंद झालेल्या तरुणांनी निवडावेत. धर्मग्रामाच्या अर्थसमितीतही एक जागा आम्हाला मिळावी. ही समिती कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. आमच्यात लेखापाल आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या. वार्षिक अंदाजपत्रकात तरुणांच्या सेवेसाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि जमाखर्च फलकावर लागावा. रोषणाई आणि बँडवर खर्च होतो, तो आनंदाचाच भाग आहे. पण वर्षभराच्या अभ्यासवर्गाला पैसे नाहीत, हे उत्तर त्यानंतर ऐकावे लागू नये.

युवा विभागाचे संचालक फादर बहुधा शाळा किंवा धर्मग्राम सांभाळून हे काम करतात आणि ओळख जमते तोवर त्यांची बदली होते. धर्मप्रांताने हे काम एका धर्मगुरूकडे पूर्णवेळ, निदान पाच वर्षांसाठी द्यावे. त्यांच्याबरोबर एक प्रापंचिक स्त्री सहसंचालक पगारी नेमावी. अनेक गोष्टी मुली फादरांना सांगू शकत नाहीत. ऑफिसातला त्रास, घरमालकाची नजर, मोडलेले नाते, रात्री झोप न येणे, हे ऐकणारी एक जाणती बाई आणि गरज पडली तर पुढे पाठवायला प्रशिक्षित समुपदेशक हवा. छेडछाडीची तक्रार कोणाकडे करायची, याची लेखी माहिती प्रत्येक युथ ग्रुपला द्यावी, आणि तक्रार कार्यक्रमातल्या माणसाविरुद्ध असली तरी ती तितक्याच गांभीर्याने घेतली जावी. भारतीय बिशपांनी २०१० सालीच स्त्री-पुरुष समानतेचे धोरण स्वीकारले आहे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांवर स्त्रियांनाही विधिवत नेमण्याची मुभा दिली. पुणे धर्मप्रांताने या पदांसाठी तरुणींची तयारी सुरू करावी.

जागतिक युवा दिन ऑगस्ट २०२७ मध्ये सेऊलला आहे. अशा यात्रांना ज्यांचे आईवडील खर्च करू शकतात, तेच जातात. धर्मप्रांताने आतापासून एक छोटा निधी उभारावा, अर्ज खुले ठेवावेत आणि निदान काही जागा गावाकडच्या व कमी पगाराच्या मुलामुलींसाठी राखाव्यात.

शेवटची मागणी शहराशी असलेल्या आमच्या नात्याची आहे. ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, माउलींची भवानी पेठेत. आपले सिटी चर्चही नाना पेठेतच आहे. त्या दिवसांत वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी, पाणी, रात्री टेकायला सावली, यांची सोय करायला आमच्यातल्या परिचारिका आणि डॉक्टर तयार आहेत. शेजारी म्हणून हे व्हावे, धर्मप्रचाराचा त्यात लवलेश नसावा. आवार आणि नळ तेवढा उघडा ठेवावा, ही विनंती. आमची श्रद्धा आमच्याच हॉलमध्ये कोंडून राहिली तर ती आम्हालाही परकी होईल.

या सगळ्यासाठी आम्ही काय देऊ, हे सांगणे रास्त आहे. नोंदणीच्या टेबलावर आम्ही बसू. मिस्सांच्या वेळांचे पान आम्ही तयार करू आणि दर तीन महिन्यांनी तपासू. शनिवारी-रविवारी रात्रीच्या मिस्सेचे गायन, वाचन आणि साफसफाई आमच्याकडे राहील. यशवंतनगर किंवा येरवड्याच्या वस्तीतल्या दहावीच्या मुलांना गणित-इंग्रजी शिकवायला धर्मग्रामाने सांगितले तर आम्ही आठवड्याचे तास देऊ. ज्यांच्या हाती पगार आहे ते दरमहा आपला वाटा टाकतील, आणि त्याचा हिशेब आम्हीही फलकावर लावू.

आमची विनंती आहे की या पत्राची प्रत प्रत्येक पाळकीय परिषदेच्या पुढच्या बैठकीत वाचली जावी. बिशप महोदयांनी आमच्या प्रतिनिधींना आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपूर्वी भेटीची वेळ द्यावी. जी मागणी मान्य होणार नाही, तिचे कारण आम्हाला लेखी कळवावे. आणि जून ते ऑगस्ट या पहिल्या तीन महिन्यांत निदान चार धर्मग्रामांत नोंदवही सुरू करून पाहावी. भेट संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी दुपारी ठेवल्यास रात्रपाळीचे आणि रुग्णालयातले सभासदही येऊ शकतील.

आपले नम्र,
पुणे शहर व पिंपरी-चिंचवड परिसरातील कॅथोलिक तरुण-तरुणींच्या मंडळाचे सभासद